जन गण मन सगळ्यांचं, पण त्याचं रेकॉर्डिंग कुणाचं? झेंडावंदनाचा व्हिडिओ टाकण्याआधी हे बघा

मागच्या पंधरा ऑगस्टला इंदूरला रामबागेत आमच्या मंडळाचं झेंडावंदन झालं, पोहे-जिलबी झाली, आणि दुपारी मी घरी बसून त्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ केला. माइकवर वारा येत होता, लहान मुलं मागेपुढे गात होती, म्हणून राष्ट्रगीताच्या जागी आमचा आवाज काढून टाकला आणि नेटवरून एक छान ऑर्केस्ट्राचं जन गण मन उतरवून तेच बसवलं, आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. संध्याकाळी मेल आला, तुमच्या व्हिडिओतल्या ऑडिओवर एका कंपनीचा कॉपीराइट क्लेम, म्हणजे हक्काचा दावा आहे, आणि बघतो तर तेवढ्या भागाचा आवाज बंद. ग्रुपवर काकांनी लगेच लिहिलं, "अरे, जन गण मनवर कुणी कसा हक्क सांगतो? ते देशाचं आहे!"

काकांचं गाण्याबद्दल बरोबर होतं. पण क्लेम करणाऱ्याचंही बरोबर होतं, आणि दोघं एकाच वेळी बरोबर कसे हे समजायला मला चार-पाच रात्री लागल्या. कायदा वाचला, ओळखीच्या एका वकील ताईंना विचारलं. आता दर पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि एक मेला कुणी ना कुणी हेच विचारतं म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की आपण ज्याला "गाणं" म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. शब्द, चाल, आणि रेकॉर्डिंग. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही वेगळी कृती आहे, संगीत ही वेगळी (संगीताच्या व्याख्येत शब्द धरतच नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय), आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिघांचे मालक वेगळे असू शकतात आणि तिघांची मुदत वेगवेगळी चालते. शब्द आणि चाल यांना, करणारा माणूस गेला त्यानंतर ६० वर्षं. रेकॉर्डिंगला, ते पहिल्यांदा बाजारात आलं त्यानंतर ६० वर्षं. मोजायची पद्धत सोपी आहे, माणूस ज्या वर्षी गेला किंवा रेकॉर्ड ज्या वर्षी निघाली त्यात ६० मिळवायचे, ते वर्ष ३१ डिसेंबरला संपलं की दुसऱ्या दिवशी ती गोष्ट मोकळी, म्हणजे पब्लिक डोमेनमध्ये.

आता जन गण मन घ्या. रवींद्रनाथ टागोर, ज्यांच्या नावाचा रस्ता आणि नाट्यगृह आपल्या इंदूरला आहे, ते ७ ऑगस्ट १९४१ ला गेले. पूर्वी मुदत ५० वर्षांची होती, म्हणजे १९९१ च्या शेवटी त्यांचं सगळं साहित्य मोकळं व्हायचं होतं, पण अगदी त्याच सुमाराला, १९९२ मध्ये कायदा बदलून ५० ची ६० केली गेली आणि टागोरांनीच काढलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडे ते हक्क आणखी दहा वर्षं राहिले. म्हणजे १ जानेवारी २००२ पासून जन गण मनचे शब्दही मोकळे आणि चालही मोकळी, कारण चालही त्यांचीच. १९११ साली २७ डिसेंबरला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात हे पहिल्यांदा गायलं गेलं, २४ जानेवारी १९५० ला राष्ट्रगीत ठरलं. तुम्ही गा, वाजवा, छापा, कुणाला विचारायची गरज नाही.

पण मी जे उतरवलं होतं ते काही वर्षांपूर्वी एखाद्या स्टुडिओत तीस-चाळीस वादक बसवून केलेलं काम होतं. कुणीतरी पैसे घातले, वादकांना मानधन दिलं, मिक्सिंग केलं. गाणं टागोरांचं आणि मोकळं, तरी ते ध्वनिमुद्रण ही नवीन वस्तू आहे आणि तिची ६० वर्षं आत्ता कुठे सुरू झालीयेत. विहीर सगळ्या गावाची असली तरी कुणी त्यातलं पाणी काढून, गाळून, माठ भरून आपल्या ओट्यावर ठेवलं असेल तर तो माठ उचलून न्यायचा नसतो ना, तसंच. आपण आपली घागर घेऊन विहिरीवर जावं, तिथे कुणी अडवणार नाही.

कधीकधी चौथीही एक गोष्ट मध्ये येते, अरेंजमेंट, म्हणजे मूळ चालीवर कुणी नव्याने केलेली वाद्यरचना. बेथोव्हेन १८२७ साली गेला, त्याची चाल कधीचीच जगाची झाली, पण युरोपचं गीत म्हणून जी वाद्यरचना १९७२ पासून वाजते ती कारायान या कंडक्टरने केलेली आहे आणि तो १९८९ मध्ये गेला. म्हणजे आपल्या हिशोबाने त्याच्या रचनेवरचा हक्क २०४९ पर्यंत आणि युरोपात, जिथे ७० वर्षं मोजतात, तिथे २०५९ पर्यंत. म्हणून नेटवर मिळालेली नोटेशन किंवा कोरसची चार आवाजांची मांडणी उचलताना सुद्धा बघा की ती कुणी आणि कधी केली. साधी मूळ चाल हार्मोनियमवर धरून गायली तर हा प्रश्नच येत नाही.

आता आपल्या कार्यक्रमांत नेहमी येणारी बाकीची गाणी, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

वंदे मातरम्. शब्द बंकिमचंद्रांचे, ते १८९४ ला गेले, शब्द पूर्ण मोकळे. पण चाली अनेक आहेत! आपल्या इंदूरलाच जन्मलेल्या लतादीदींनी १९५२ च्या आनंदमठ सिनेमात जे गायलं ते घ्या. रेकॉर्डिंग १९५२ चं, म्हणजे भारतात २०१२ संपताना त्याची मुदत संपली. लोक म्हणतात, चला, शब्द पण मोकळे आणि रेकॉर्ड पण मोकळी. थांबा. ती चाल हेमंतकुमारांची आहे आणि ते १९८९ साली गेले, म्हणजे चालीवरचा हक्क २०४९ च्या शेवटपर्यंत जिवंत आहे. जन गण मनच्या अगदी उलट केस. शिवाय अमेरिकेत जुन्या रेकॉर्डिंगची मुदत आपल्यापेक्षा बरीच लांब आहे, आणि व्हिडिओ टाकला की तो इंदूरपुरता राहत नाही, त्यामुळे इथे मोकळी असलेली रेकॉर्ड तिथे अडकू शकते. आणि १९९७ चा रहमानचा वंदे मातरम् अल्बम तर अगदी वेगळी गोष्ट, बहुतेक शब्द नवे, नवी चाल, नवं रेकॉर्डिंग, नावात वंदे मातरम् आहे म्हणून अख्खा अल्बम बंकिमचंद्रांचा होत नाही.

सारे जहाँ से अच्छा. इकबाल १९३८ ला गेले, शब्द मोकळे. पण आपण सगळे जी चाल गुणगुणतो ती पंडित रविशंकरांची म्हणून ओळखली जाते आणि ते डिसेंबर २०१२ मध्ये गेले. २०१२ अधिक ६०, हिशोब तुम्हीच करा. शाळेच्या बँडवर वर्षानुवर्षं वाजतंय म्हणून ते "कुणाचंच नाही" असं आपण धरून चालतो, तसं नाहीये.

आणि आपल्या मराठी मंडळांचं सगळ्यात लाडकं, जय जय महाराष्ट्र माझा. हे २०२३ च्या शिवजयंतीपासून महाराष्ट्राचं राज्यगीत झालं, तेव्हापासून लोकांना वाटतं की आता सरकारी झालं म्हणजे फुकट झालं. राजा बढे १९७७ साली गेले, शब्द २०३७ संपेपर्यंत हक्कात. चाल श्रीनिवास खळे यांची, ते २०११ साली गेले, चाल २०७१ संपेपर्यंत. राज्यगीत ठरल्यामुळे मुदत आपोआप संपते असं काही कायद्यात नाही. एक मेला सभागृहात सगळ्यांनी उभं राहून गा, मनापासून गा, तिकीट नसलेल्या कार्यक्रमात हौशी मंडळाने स्टेजवर गाण्याला कायद्यात सूट आहे, पण त्याचा व्हिडिओ चॅनेलवर टाकून पैसे कमवायचे असतील तर आधी परवानगीचं बघा. आपलं मध्यप्रदेश गान तर २०१० चं, त्याला अजून खूप अवकाश आहे.

यावरून आणखी एक सांगतो, हॉलमध्ये वाजवणं आणि नेटवर टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील तर रेकॉर्ड वाजवायला कायद्यानेच सूट दिलीये. केंद्र, राज्य किंवा नगर निगमच्या अधिकृत समारंभालाही सूट आहे. पण त्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ, मागे तीच रेकॉर्ड वाजत असताना, तुम्ही नेटवर टाकला की ती सूट तुमच्याबरोबर येत नाही. शाळांच्या चॅनेलवर इतके व्हिडिओ मुके झालेले दिसतात त्याचं हेच कारण. शिक्षिका बिचाऱ्या म्हणतात, आम्ही तर स्पीकरवर लावलं होतं तेव्हा कुणी काही बोललं नाही!

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत, स्वतः रेकॉर्ड करा. काही अवघड नाही.

जन गण मन पूर्ण गायला ठरलेला वेळ साधारण ५२ सेकंद आहे, तेवढ्यात बसवा. एक हार्मोनियम, तानपुऱ्याचं ॲप, दहा-बारा माणसं, बंद खोली. पंखा बंद, फ्रिज असेल तर तो पण बंद, फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड चादर, फोन गाणाऱ्यांपासून साधारण चार-पाच फुटांवर स्टँडवर. पट्टी सगळ्यांना झेपेल अशी धरा, बायका आणि पुरुष एकत्र गाणार असतील तर आधी दोन-तीन पट्ट्यांत गाऊन बघा, वरच्या "जय हे"ला कुणाचा आवाज फाटत नाही ना ते ऐका. तीन-चार टेक घ्या. सकाळी लवकर करा, नाहीतर रिक्षा आणि भाजीवाल्याची गाडी त्यात येतेच. आणि राष्ट्रगीताची चाल बदलू नका, बीट टाकू नका, मध्येच ताना घेऊ नका, हा कॉपीराइटचा नाही, आदराचा प्रश्न आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

एक मोठी चूक इथे होते. पुष्कळ लोक नेटवरून कराओके ट्रॅक, ज्याला आपण मायनस ट्रॅक म्हणतो, तो उतरवतात आणि त्यावर गातात, आणि म्हणतात आम्हीच गायलंय. गायलं तुम्ही, पण खालचा ट्रॅक दुसऱ्याचं रेकॉर्डिंग आहे, तो ओळखला जातो आणि क्लेम येतो. वाद्यं पण आपलीच हवीत, किंवा मग नुसतं गा, वाद्यांशिवाय. आमच्याकडे नुसतं टाळ्यांशिवाय, पेटीशिवाय गायलेलं सगळ्यात छान आलं होतं.

आता कागद. याला कंटाळू नका, पाच मिनिटांचं काम आहे. कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो, ज्याने ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. मंडळाने ठरवलं, मंडळाने खर्च केला तर मंडळ निर्माता. पण स्टुडिओत केलं, किंवा एखाद्या भाच्याने हौसेने सगळं जमवलं, तर पुढे "कुणाचं" हा वाद होऊ शकतो, म्हणून स्टुडिओच्या बिलावरच लिहून घ्या की हे रेकॉर्डिंग मंडळासाठी केलं आणि हक्क मंडळाचे. गाणाऱ्यांचा पण वेगळा हक्क असतो, कलाकाराचा हक्क, तो ५० वर्षं चालतो, म्हणून प्रत्येकाची सही घ्या की माझा आवाज रेकॉर्ड करायला आणि नेटवर टाकायला माझी संमती आहे. लहान मुलं असतील तर आई किंवा बाबांची सही. हक्क देताना दोन गोष्टी न विसरता लिहा, किती वर्षांसाठी आणि कुठल्या भागासाठी. कारण कायदा असा आहे की हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. "संपूर्ण मुदतीसाठी, सर्व जगासाठी" एवढे चार शब्द लिहिले की झालं. तोंडी बोललेलं चालत नाही, लेखी आणि सहीचंच लागतं. (आमच्या वकील ताईंनी हे तीनदा सांगितलं, म्हणून मी पण सांगतोय.)

स्वतः करणं शक्यच नसेल आणि तयार काही हवं असेल तर? शोधताना "रॉयल्टी फ्री" आणि "नो कॉपीराइट" हे शब्द बघून भुलू नका. रॉयल्टी फ्री म्हणजे कॉपीराइट नाही असं नव्हे, म्हणजे फक्त दर वेळी पैसे द्यायचे नाहीत, बाकी अटी असतातच. कुणीतरी स्वतःच्या चॅनेलवर दुसऱ्याचं रेकॉर्डिंग टाकून खाली "नो कॉपीराइट" लिहिलं असेल तर त्या लिहिण्याला काडीचा अर्थ नाही, ज्याची वस्तू त्यानेच दिली पाहिजे. विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या फाइलींच्या साइटवर बघा, तिथे प्रत्येक फाइलखाली लायसन्स लिहिलेलं असतं. अमेरिकन नौदलाच्या बँडने बऱ्याच देशांची राष्ट्रगीतं वाजवून ठेवलीयेत, आपलं पण आहे, आणि अमेरिकन केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टीवर तिथल्या कायद्याने कॉपीराइट लागत नाही. गंमत म्हणा की काय, पण आपलं राष्ट्रगीत मोकळेपणी वापरायला परदेशी बँडचं मिळतं, आणि आपल्याकडे सरकारी कामावर सुद्धा ६० वर्षं हक्क असतो! म्हणून एखाद्या भारत सरकारच्या साइटवर ऑडिओ दिसला तर सरळ उचलू नका, त्या साइटच्या तळाशी कॉपीराइट पॉलिसी असते ती वाचा, बऱ्याचदा परवानगी असते पण अटीसकट. क्रिएटिव्ह कॉमन्स (काही अटींवर सगळ्यांना वापरू देणारं तयार लायसन्स) लिहिलेलं असेल तर कुठलं ते बघा, नाव द्यायचं आहे का, व्यावसायिक वापराला बंदी आहे का. आणि लायसन्सच्या पानाचा त्या तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, उद्या पान बदललं तर हाच पुरावा.

शेवटचा भाग, क्लेम आलाच तर. घाबरू नका आधी. यूट्यूबवर क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. क्लेम मशीन लावतं, आवाज जुळला की आपोआप, त्याने चॅनेलला डाग लागत नाही, फक्त आवाज जातो किंवा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही. स्ट्राइक म्हणजे कुणी रीतसर काढून टाकायची मागणी केली, ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं.

क्लेम आला की आधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, हे रेकॉर्डिंग माझं आहे का? नसेल तर भांडू नका, "गाणं पब्लिक डोमेन आहे" असं लिहून डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकली तर तुम्ही शब्द-चालीबद्दल बोलताय आणि क्लेम आहे रेकॉर्डिंगवर, समोरचा नाकारणार आणि मग स्ट्राइकची वेळ येईल. आवाज बदला आणि पुढे चला.

पण रेकॉर्डिंग तुमचंच असेल आणि तरी क्लेम आला, जे होतं, कारण चाल तीच, पट्टी तीच, वेग तोच, मशीनला फरक कळत नाही, तर मात्र गप्प बसू नका. डिस्प्यूट करा. साध्या भाषेत तीन वाक्यं पुरतात, शब्द आणि चाल रवींद्रनाथ टागोरांची, ते १९४१ साली गेले त्यामुळे दोन्ही पब्लिक डोमेनमध्ये, आणि हे रेकॉर्डिंग अमुक तारखेला आमच्या मंडळाच्या सभासदांनी गाऊन आम्हीच केलं आहे, मूळ फाइल आमच्याकडे आहे. समोरच्याला ३० दिवस असतात. त्याने उत्तर दिलं नाही तर क्लेम आपोआप उतरतो. त्याने नाकारलं तर अपील करता येतं, तिथे त्याला ७ दिवसच मिळतात. अपील करताना मात्र कागद हातात असू द्या, कारण तिथून पुढे तो रीतसर काढून टाकायची मागणी करू शकतो.

आणि कुणी सांगितलं की तुमचं रेकॉर्डिंग पण त्या ओळखणाऱ्या मशीनमध्ये नोंदवून टाका म्हणजे पैसे येतील, तर राष्ट्रगीतासाठी ते करू नका. उद्या देवासच्या एखाद्या शाळेने स्वतः गायलेल्या व्हिडिओवर तुमच्या नावाने क्लेम जाईल. आपल्याला जे झालं ते दुसऱ्या मुलांना कशाला.

आमच्या व्हिडिओचं काय झालं ते सांगतो. मी क्लेमवर वाद घातला नाही. फोनमध्ये मूळ क्लिप होतीच, ती परत काढली, वाऱ्याचा आवाज थोडा कमी केला आणि आहे तसंच आमचं गाणं परत बसवलं. त्यात शेवटच्या "जय हे"ला मागून एक आवाज सगळ्यांच्या वर जातो, तो आमच्या आजींचा, ८४ वर्षांच्या आहेत, खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. ऑर्केस्ट्रा लावताना मी तोच पुसून टाकला होता. आता आमच्या मंडळाच्या पेन ड्राइव्हवर एक फोल्डर आहे, त्यात ती मूळ क्लिप, सगळ्यांच्या सह्यांचा फोटो आणि तारीख एवढं ठेवलंय. सव्वीस जानेवारीला तेच वापरलं, काही आलं नाही.